अवस पाळणारी पेटी

१८ जाने. १९९९, सोमवार

कारखान्याचा फोन. पॅनेल काल दुपारी पुन्हा कोरं उठलं. तिसरी खेप.

फोन मीच घेतला. कंपनीत फोन घेणं, पत्रं लिहिणं, पत्रांना क्रमांक देणं, यंत्रांच्या मराठी पुस्तिका लिहिणं आणि साहेबांचं इंग्रजी झाकणं ही पाचही खाती एका माजी संस्कृत मास्तराकडे आहेत. साहेब म्हणजे विनायक. आठवीत माझ्या वर्गात होता, धातुरूपं शेजाऱ्याची बघून लिहायचा. आता नगरच्या एमआयडीसीत त्याची स्वतःची शेड. मी त्याला साहेब म्हणतो, तो मला सर. दोघांनाही अजून जड जातं.

(दहा वर्षांनी वाचताना विसरलो असेन म्हणून: पॅनेल म्हणजे साखर कारखान्याच्या बॉयलरवरची आमची पेटी. ड्रममध्ये पाणी किती ते दाखवते, फार खाली गेलं की घंटा वाजवते, मिनिटामिनिटाची नोंद फ्लॅश चिपवर ठेवते. 'वीज विसरेल, चिप विसरणार नाही.' जाहिरातीतलं हे वाक्य माझंच.)

तिन्ही वेळा तोच प्रकार. सुरू करताना पडद्यावर क्षणभर 'माउंट फेल', मग सगळं शून्यातून. केतकीला विचारलं. प्रोग्रॅम तिचा. सत्तावीस वर्षांची, पुण्याहून आलेली, चहा न पिणारी. तरी माणूस म्हणून चांगली. म्हणाली, पेटी उठली की आधी चिपच्या सुरुवातीची खूण शोधते. सापडली तर फाइली जोडून घेते, त्याला माउंट म्हणायचं. नाही सापडली तर जोडत नाही.

म्हटलं, मंगलाचरण नसलेली पोथी हातात न धरणारा शास्त्री.

"तसाच, सर. फक्त हा शास्त्री रुसून बसत नाही. पोथी पुसतो आणि नवी सुरू करतो."

हसलो दोघंही.

२२ जाने., शुक्र.

के. बरोबर कारखान्यावर. कर्जतच्या रस्त्याला, एस.टी.त दोन तास, त्यातला एक ऊस-ट्रॅक्टरांच्या मागे. बॉयलरपाशी कानात मळीचा वास शिरतो. नाकात शिरायला जागाच नसते.

पेटीपाशी बबन साळवे, बॉयलर अटेंडंट. चाळिशीचा, हडकुळा. खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेला परवाना काढून दाखवला, आम्ही मागितला नसताना. सेकंड क्लास. भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचा वाळका चोथा, ढकलायला लागला होता, तिथून परीक्षा देऊन इथवर. "आमच्या घरात फोटूवानी भिंतीला लावलेला पयला कागद," म्हणाला. मूळ परवाना घरी काचेत, आणि खिशातली ही नक्कल.

मी अकरा प्रश्नांचा तक्ता करून नेला होता. पेटी कधी बंद पडली, किती वेळ, कशाने. साळवेंनी पाळीची वही समोर धरली. कुठेच बंदची नोंद नाही. कारखान्याची वीज स्वतःची, वर पेटीत बॅटरी. बंद पडायचं कारणच नाही.

निघताना साळवे म्हणाले, "मास्तर, खरं सांगू का. मी अवस-पुनव पाळत न्हाई. पन ही पेटी पाळती."

के. हसली. मी तक्त्याच्या समासात लिहून घेतलं, विनोद म्हणून.

२३ जाने.

पंचांग काढलं. १८ नोव्हेंबर, कार्तिक अमावस्या. १८ डिसेंबर, मार्गशीर्ष अमावस्या. १७ जाने., पौष अमावस्या.

सौ. ला दाखवलं. ती म्हणाली, पेटीला उपास धरायला सांगा.

१ फेब्रु., सोम.

के. चा स्वतंत्र सिद्धान्त. तिन्ही तारखांत तीस-तीस दिवसांचं अंतर. कुठला तरी आकडा तीस दिवसांनी भरून ओसंडत असणार. आठवडाभर तोच शोधते आहे, सापडत नाही. मी पंचांग पुढे केलं. तिने ते दोन बोटांनी उचलून बघितलं, जसं मी तिचं मदरबोर्ड उचलतो.

तिच्या गणिताने पुढची तारीख १६ फेब्रु. माझ्या पंचांगाने १६ फेब्रु. मार्चमध्ये वाटा फुटतील, ती १८ म्हणते, पंचांग १७. हरेल त्याने पेढे. पैज लावली.

९ फेब्रु., मंगळ.

पैज लावल्यापासून चैन नाही. यंत्र अमुक दिवशी बिघडणार हे दोघा जाणत्यांना माहीत, आणि ज्याच्या छातीसमोर ते आहे त्याला कळवायचं नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं.

पत्र केलं. तीन ओळी. 'दि. १६ रोजी पॅनेलवर विसंबू नये. ड्रममधले पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीपाशी दिवसभर माणूस उभा करावा. कारण तपासत आहोत.' जावक क्र. ११४. माझी वाईट खोड: आधी रजिस्टरात क्रमांक चढवतो, मग सहीला नेतो. मूल व्हायच्या आधी बारसं.

विनायकने वाचलं. "कारण काय लिहायचं, सर? अमावस्या?"

म्हटलं, कारण लिहिलेलंच नाही.

"म्हणूनच. ते कारण विचारतील. आपल्याकडे नाही म्हटल्यावर पुढच्या चार पेट्यांची ऑर्डर कोण देईल? सोळाला तुम्ही दोघं सकाळीच जाऊन उभे राहा. डोळ्यांनी बघा."

बोलणं अगदीच गैर नव्हतं. पत्र फाइलला लावलं. रजिस्टरातली ओळ तशीच आहे, 'रवाना' चा रकाना रिकामा.

१६ फेब्रु., मंगळ. माघ अमा.

सकाळी आठच्या गाडीने जाणार होतो. विनायककडे पुण्याचे पाहुणे आले, के. ला पेटी दाखवायला थांबवून घेतलं. बाराची गाडी मिळाली.

सव्वादोनला पोचलो. फाटकाशी गर्दी. भोंगा थांबत नव्हता.

पावणेदोनला बॉयलरची नळी फुटली. ड्रममधलं पाणी संपत आलेलं कुणालाच कळलं नाही. घंटा वाजली नाही. काचेची नळी वर, वाफेने धुरकटलेली. पेटी आल्यापासून तिकडे चढायची सवय मोडली आहे. भट्टीच्या दारातून वाफ आणि आग एकदम बाहेर. समोर साळवे. बाराच्या पाळीला आले होते.

आम्ही पोचायच्या आधी जीपने नगरला नेलं. त्यांची एक चप्पल तिथेच

पेटी चालू. पडद्यावर पाण्याची पातळी बरोबर दाखवत होती, अगदी तळाशी. आणि घंटा गप्प. पेटीच्या दारावर ओलं हळदी-कुंकू. खाली नारळाची करवंटी.

दोघांनी बघितलं.

हळदी-कुंकू म्हणजे अवस, म्हणजे पैज मी जिंकलो, हा विचार डोक्यात येऊन गेला. लिहून ठेवतो. आला होता.

१७ फेब्रु.

के. ने चिप काढून आणली, सकाळपासून वाचत होती. दुपारी मला बोलावलं. सांगितलं ते माझ्या भाषेत:

पाळी बदलते तेव्हा, ठीक बाराला, पेटी त्या पाळीचा गोषवारा लिहिते. जागा भरली असेल तर चालू मजकूर नव्या खणात उतरवते, जुना खण पुसते, आणि शेवटी नव्यावर खूण उमटवते. खूण आधी आणि पुसणं नंतर, असं हवं होतं. लिहिताना उलटं झालं. जुना पुसला आणि नव्यावर खूण उमटायच्या आत कोणी वीज तोडली, तर दोन्ही खण बिनखुणेचे. उठल्यावर माउंट होत नाही. आणि माउंट झालं नाही की काय करायचं, तेही तिनेच लिहून ठेवलेलं: पुसा, नवी सुरू करा, कोणाला सांगू नका.

पुसूनही चिपवर उरलेली शेवटची नोंद १२ वाजून ३ मिनिटांची. त्यानंतर बारा मिनिटं काहीच नाही.

मी विचारलं, नवी सुरू झाल्यावर पाण्याची हद्द किती धरते? घंटा कधी वाजते?

"मूळ किंमत धरते. कारखान्याने त्यांची घालेपर्यंत." म्हटलं, किती? "शून्य."

पाणी शून्याच्या खाली जात नाही. घंटा वाजणार कधी.

माझ्या पुस्तिकेत पान ३१, परिशिष्ट. 'निम्नजलसीमा: मूलमूल्य ०'. माझ्याच हाताने टाइप केलेलं. तेव्हा 'निम्नजलसीमा' हा शब्द साधल्याचं समाधान झालं होतं. शेजारच्या शून्याकडे बघितलं नव्हतं.

चिपवर लिहिणं चालू असताना हिरवा दिवा लागतो, तो विझेपर्यंत वीज बंद करू नये, ही सूचनाही तिथेच. 'हरितदीप शांत होईपर्यंत विद्युत्प्रवाह खंडित करणे वर्ज्य.' बॉयलरच्या धगीत उभं राहून हे कोण वाचणार होतं, ते माझं मला ठाऊक.

२० फेब्रु., शनि.

सिव्हिलला गेलो. साळवे शुद्धीवर. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, चेहऱ्याची डावी बाजू झाकलेली. तो डोळा राहील म्हणतात. बायको शांताबाई उशाशी, चिंध्या होत आलेला रुमाल ओला करून ओठांना लावत होती.

हळूहळू विचारलं. हळदी-कुंकू कुणी लावलं?

"गुंजाळसायबांनी. दर अवसंला असतं. बाराला दोनी पाळ्या हजर ऱ्हात्यात, परसाद वाटाया बरं पडतं." गुंजाळ म्हणजे पाळीचे इंजिनीअर. पेटीचं कुलूप उघडतात, आतली बॅटरी आणि वीज दोन्ही बंद करतात, फडक्याने पुसतात, नारळ फोडतात, मग पुन्हा चालू. त्या दिवशी अवस बाराच्या सुमारालाच संपत होती, म्हणून जास्तच घाई. "मी बाजूला हुबा ऱ्हातो. आमच्यात न्हाई नारळ. सायेब म्हनत्यात, साळवे, तू नुसता खोबरं खायाला."

मग त्या दिवशी आम्ही तक्ता घेऊन आलो तेव्हा का नाही सांगितलं?

"मास्तर, पूजा आमी बंदमधी धरत न्हाई. वहीत कुनी लिवत न्हाई. तुमीबी धरली नसती."

खरं आहे. मीही धरली नसती. घरी दसऱ्याला टाइपरायटरची पूजा करतो, तेव्हा तो 'बंद' आहे असं मनात येत नाही.

२६ फेब्रु., शुक्र.

कारखान्याच्या चौकशीची प्रत आली. 'अटेंडंट बी. साळवे याने कामावर येताच, परवानगीशिवाय, पॅनेल बंद करून चालू केले.' खाली गुंजाळांचा जबाब. पूजेचा शब्द नाही. बॉयलर निरीक्षकांकडे शिफारस: साळवेंचा परवाना रद्द करावा.

विनायकने प्रत दोनदा वाचली. चेहऱ्यावरचा ताण उतरला, तो मी पाहिला. वाईट माणूस नाही तो. आठवीतही नव्हता, फक्त शेजाऱ्याचं उत्तर मिळालं की आपलं शोधायचा नाही.

"सर, एक पत्र करा निरीक्षकांना. चिपच्या नोंदीनुसार पॅनेल विहित पद्धतीने बंद केले गेले नाही. एवढंच. खोटं काहीच नाही त्यात."

खोटं काहीच नाही. तेच तर.

पेटीच्या कुलपाची किल्ली एकच, पाळी-इंजिनीअरकडे. पुस्तिका पान ४. साळवेंना बॅटरीचं बटण दिसतसुद्धा नाही. म्हटलं, हे लिहू का? तो म्हणाला, कोणी विचारलेलं नाही.

१ मार्च, सोम.

के. जेवली नाही. शेडच्या मागे बाभळीखाली उभी होती. म्हणाली, ती 'पुसा आणि नवी सुरू करा' ची ओळ तिने चाचणीसाठी घातली होती. दिवसातून वीसदा पेटी अडायची, प्रत्येक वेळी हाताने पुसत बसायचं म्हणून. वर 'तात्पुरते' असं लिहूनही ठेवलं होतं. मग पाहुणे, मग ऑर्डर, मग हंगाम.

"काढायची राहिली, सर."

माझ्या तोंडी एक सुभाषित आलं होतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

तिला विचारलं, निरीक्षकांपुढे सांगशील? ती म्हणाली, माझं नाव आलं की मला दुसरीकडे कोण घेईल. मग म्हणाली, साळवेंच्या हाताचं काय झालं. मी सांगितलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

ती ऐकून आत गेली. संध्याकाळपर्यंत चिपचा क्रम सुलटा करून ठेवला, खूण आधी, पुसणं नंतर. आणि माउंट झालं नाही तर आता पेटी घंटा वाजवत राहते, कोणी येईपर्यंत. तीन तासांचं काम. तीन तासांचं.

५ मार्च

विनायकने जावक रजिस्टर मागवून घेतलं. ११४ च्या ओळीवर बोट.

"हे काय?"

न गेलेलं पत्र, म्हटलं.

"म्हणजे आपल्याला तारीख माहीत होती असं झालं." रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "सर, ह्या क्रमांकावर दुसरं काहीतरी चढवा. साधं. कोटेशन वगैरे. खोडून वर लिहिलं तरी चालेल."

तेहतीस वर्षांत मी रजिस्टर खोडलेलं नाही. शाळेत हजेरीही नाही, विनायकची स्वतःची धरून.

"इथे तीस माणसं आहेत. त्यांची घरं आहेत. त्यात तुम्हीही आलात."

रजिस्टर घेऊन जागेवर आलो. टोपण काढून बसलो. मग टोपण लावलं. शाई वाळत होती.

१० मार्च, बुध.

साळवेंना घरी सोडलं. कर्जतला जाऊन आलो. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि त्यांच्या खालच्या रांगेत परवाना, काचेत. निरीक्षकांची तारीख आली आहे, १७, कारखान्याच्या हपिसात, दुपारी. कागद मी वाचून दाखवला.

शांताबाईंनी चहा दिला. साळवेंना बशीने पाजत होत्या. ते म्हणाले, "मास्तर, तुमी लिवनारं मानूस. एवढंच लिवा, की बंद माझ्या हातनं झालं न्हाई. बाकी कुनाचं नाव घेऊ नगा. गुंजाळसायबांनी माझ्या परीक्षेचा फारम भरल्याला हाय."

"नाव घेतल्याबिगर कसं लिवायचं वो?" शांताबाई. बशी खाली ठेवली. "पेटी आपुआप बंद झाली, असं? मग हात बी आपुआप जळलं म्हना."

मी बशी उचलून शांताबाईंच्या हातात दिली.

साळवे मला म्हणाले, परवाना गेला तर भट्टीवर बगॅस ढकलायलाबी बोटं न्हाईत.

निघताना त्यांनी सवयीने हात जोडायला उचलले, पट्ट्यांसकट, आणि तसेच धरून राहिले. मी जय भीम म्हटलं. इतक्या वर्षांत कुणाला प्रथमच, आणि उच्चार तेवढा चुकला नाही.

१६ मार्च

विनायकला हवं ते पत्र केलं नाही. त्याने विचारलं, मी म्हटलं, होतंय. खोटं बोललो. त्याने ओळखलं. आठवीतला विनायक मला ओळखतो.

दुसरं केलं. एक पान. १२ वाजून ३ मिनिटं. कुलपाची किल्ली. पूजा. पान ३१ वरचं शून्य, आणि ते मी टाइप केलं हे. जावक ११४. एकच जागा कोरी: प्रोग्रॅममधल्या त्या ओळीविषयी. ती दुसऱ्याची आहे, मी लिहू शकत नाही. तिने लिहिलं तरच.

भाषा साधी ठेवली. 'खंडित' नाही, 'वर्ज्य' नाही. 'वीज बंद केली'. 'घंटा वाजली नाही'. सौ. ने वाचलं आणि म्हणाली, अशी पुस्तिका लिहिली असती तर.



के. ला सांगितलं: उद्या आठची गाडी, कर्जतची. ती म्हणाली, बघते.

१७ मार्च, बुध. फाल्गुन अमा.

एस.टी. स्टँड, पावणेआठ. गुडघ्यावर लिहितो आहे.

विनायकने काल निघताना रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली माझ्याकडेच दिली. 'उद्या सुट्टी घ्या सर, पाडव्याची तयारी असेल,' म्हणाला. किल्ली का दिली, हे रात्रभर कळलं नाही. विसरला, की अजूनही आपलं उत्तर दुसऱ्याने लिहावं असंच वाटतं त्याला. रजिस्टर पिशवीत आहे. सौ. ने पोथीसारखं फडक्यात बांधून दिलं.

साळवे आणि शांताबाई तिकडून परस्पर येतील. गुंजाळ तिथे असतील. आज बाराला नारळ फुटणार की नाही, कोण जाणे. हंगाम संपलेला नाही, दुसरा बॉयलर चालू आहे.

गाडी लागली. चढलो. उजवीकडची दोघांची जागा मिळाली. खिडकीपाशी रुमाल टाकून ठेवला आहे. एका म्हातारबाबांनी विचारलं, कुनी हाय का हितं? म्हटलं, येणार आहे.

कंडक्टर खालून तिकिटं फाडतो आहे. फाटकातून रिक्षा येतात, माणसं उतरतात. एकदा वाटलं केतकीच. नव्हती.

आठला दोन कमी. म्हातारबाबा अजून उभेच आहेत, रुमालाकडे बघत.